वीतभर श्वास

लायल थॅकस्टनने काढलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या पाठीवर, अगदी खाली, एक वाक्य छापलेलं असायचं. ‘या फितीला ब्लेड लागलेलं नाही.’ ते न लागलेलं ब्लेड सतरा वर्षं माझ्या हातात होतं. तेव्हा खरेपणावर मला कुणी प्रवचन देऊ नये, आणि मीही कुणाला देणार नाही. झालं ते सांगते, बस.

लायल आमच्या डोंगरातला नव्हे. जॉर्जियाच्या सपाटीवरच्या एका पाद्र्याचा मुलगा. नॅशव्हिलला आला तेव्हा साध्या गावरान गाण्यांना व्हायोलिनांचा पाक चढवायची टूम होती, आणि हाही चढवत बसला. दोन गाणी चालली, सहा आपटली. स्टुडिओवाले त्याचा फोन घेईनासे झाले. तेवढ्यात कॉलेजातल्या पोरांना अस्सल गाण्याचं वेड लागलं. शेणामातीतलं, म्हाताऱ्यांच्या तोंडचं, कुणी हात न लावलेलं. वारा कुठून येतोय ते लायलला नाकाने कळायचं. त्याने गाडीत रेकॉर्डिंगचं मशीन टाकलं आणि आमचा केंटकीचा डोंगर चढला. पाच वर्षांत त्याचं नाव झालं. विद्यापीठं त्याला भाषणाला बोलवू लागली, आणि हा तिथे जाऊन नाकाने कांदे सोलू लागला, की मी काहीच करत नाही हो, मी फक्त ऐकतो.

ऐकायचा मात्र खरा. ते कबूल केलं पाहिजे. कुणाच्या ओसरीवर दोन ओळी कानावर पडल्या की हा गाडी थांबवायचा, आणि त्याचा अंदाज कधी चुकला नाही. माणूस खोटा, कान खरा.

त्याची रीत अशी होती. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, “काका, मशीन अजून तापायचंय. तोवर सहज म्हणून दाखवा.” मशीन पहिल्यापासून चालूच असायचं. मग ‘आता थोडं खालच्या पट्टीत बघू’, मग ‘कोंबडं मध्येच आरवलं’, असं करत एक गाणं चार-पाचदा म्हणवून घ्यायचं. ती फीत नॅशव्हिलला माझ्या टेबलावर यायची. पहिलं कडवं इथलं, दुसरं तिथलं, चुकलेला शब्द काढ, अडखळलेला सूर काढ. पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरकं कापायचं, चिकटपट्टीने जोडायचं. जोड ऐकू आला तर मला जेवण जायचं नाही, इतकी मी त्या कामात मुरले होते. लायलचा नियम एकच होता. गाणाऱ्याला ब्लेड कधी दिसता कामा नये.

मला त्याने ठेवली ती माझ्या हातासाठी, आणि माझ्या आडनावासाठी. मी ओपल स्टर्जिल. आमच्याकडे दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आधी विचारतात, कुणाची गं तू? मी बापाचं नाव सांगितलं की जाळीचं दार उघडायचं आणि चुलीवरचा घेवडा आणि मक्याचा पाव पुढ्यात यायचा. लायल माझ्या मागून आत शिरायचा.

होबार्ट अँबर्जींचं दार असंच उघडलं, एकाहत्तरच्या ऑक्टोबरात. होबार्टकाका माझ्या बापाबरोबर एकाच खाणीत उतरलेले. बाप बावन्नाव्या वर्षी खोकून खोकून मेला. कंपनीचा डॉक्टर त्याला दमा म्हणायचा. होबार्टकाका एकतीस वर्षं कोळसा काढून घरी बसले होते. बसले म्हणजे खरोखरच बसले, कारण आडवं झालं की त्यांना श्वास पुरायचा नाही. रात्री झोपायचे तेही खुर्चीत.

पण आवाज! बर्फात वाट चुकलेल्या नवरीचं एक सतरा कडव्यांचं गाणं त्यांना आजीकडून आलेलं होतं. पूर्ण गाणं येणारा तेव्हा तो एकच माणूस उरला होता. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि लायलने माझा दंड धरला. दुसरी ओळ अर्ध्यात तुटली. मग ढास. मग व्हर्लीकाकू स्वयंपाकघरातून पाणी आणि घमेलं घेऊन आल्या. घमेलं थुंकायला. जे पडायचं ते काळं असायचं.

तीन दिवस आम्ही तिथे होतो. सतरा कडवी त्यांनी तुकड्यातुकड्याने सहा-सहा वेळा म्हटली. शेवटच्या दिवशी लायल म्हणाला, “झालं काका. फार सुरेख झालं.” होबार्टकाका घामाने भिजले होते. म्हणाले, “झालं का? मला तर वाटलं निम्मं खोकण्यातच गेलं.”

“छे हो,” लायल म्हणाला. “मशीनला फक्त गाणं ऐकू येतं.”

नॅशव्हिलला मी तीन आठवडे ती फीत कापत होते. आमच्या मशीनवर साधा श्वास म्हणजे वीतभर फीत. ढास लागली की चार-चार हात. भिंतीवर खिळे ठोकले होते, त्यांवर कापलेले तुकडे लोंबत ठेवायचे आणि संध्याकाळी झाडून टाकायचे, अशी पद्धत. लायलही म्हणाला, “कचरा काढून टाक ते सगळं.” माझ्याने निघेना. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. पडद्यापलीकडे बापाचा तोच आवाज ऐकत झोपायचे, आणि तो थांबला की जागी व्हायचे. मी ते तुकडे एकाला एक जोडून एका वेगळ्या चाकावर गुंडाळले. एकशे त्रेचाळीस भरले. अकरा मिनिटं नुसता एक माणूस श्वासाला धडपडतोय. चाकाचा डबा माझ्या कपाटात टाकला आणि वर काहीच लिहिलं नाही.

रेकॉर्ड निघाली. पंचविशीतल्या पोराला लाजवील असा गळा, एका दमात अख्खं कडवं, सतरा वेळा. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतली. लायलला बक्षीस मिळालं. होबार्टकाकांना आम्ही एक प्रत पाठवली, तर काकूंचं पत्र आलं. ‘हे रोज ऐकतात. म्हणतात, मला वाटलं होतं मी खोकलो, पण बघ, देवाने त्या तीन दिवसांपुरता श्वास दिला. चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं यांनी.’ ते पत्र वाचून लायल हसला. मी नाही हसले, पण बोललेही नाही.

दोन वर्षांनी, त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात, एका वकिलाचं पत्र आलं. वकील खाणकंपनीचा. होबार्ट अँबर्जी यांनी फुप्फुसाच्या आजाराची भरपाई मागितली आहे, सदर रेकॉर्डवरचा आवाज त्यांचाच आहे काय, आणि फितीत काही फेरफार केला आहे काय, कळवावे.

लायलने ते वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “लिही. जसं गायलं तसंच आहे.”

“लायल, त्यांचा अर्ज बुडेल.”

“एका रेकॉर्डने काय बुडतंय? एक्स-रे असतील, डॉक्टर असतील.” तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. “तू एकदा कापलं म्हणालीस ना, की नऊच्या नऊ रेकॉर्डी खोट्या ठरतील. त्यांतले बाकीचे म्हातारे मेलेत, ओपल. ती गाणी दुसऱ्या कुणाला येत नाहीत. लोक म्हणतील हेही खोटं, तेही खोटं. आणि तुला कोण काम देईल? बाईच्या हातात ब्लेड देणारा या गावात दुसरा दाखव.”

गाण्यांचं त्याला खरंच वाटत होतं की नाही, देव जाणे. कामाचं मात्र मला पुरतं पटलं. चाळिशी उलटलेली, नवरा सोडलेला, भाड्याचं घर. मी पत्र टाइप केलं. त्याने सही केली आणि म्हणाला, “फीत तू हाताळलीस, तूही कर.” मी केली. कुणी माझा हात धरून करून घेतली नाही.

मार्चमध्ये व्हर्लीकाकूंचा फोन आला. “पोरी, चौदा तारखेला सुनावणी आहे. हे म्हणतात ओपलला बोलव. आपलं माणूस बरोबर असलं की बरं वाटतं गं.” त्या पत्राबद्दल त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. मी गेले. जाताना कपाटातला तो डबा पिशवीत घातला. का घातला म्हणाल, तर बोलायचं ठरवलं होतं म्हणून.

जिल्ह्याच्या कचेरीतली वरच्या मजल्याची खोली होती. होबार्टकाकांना दोन पुतण्यांनी खुर्चीसकट वर आणलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याची गुंडी लावलेली. वजन निम्मं झालं होतं. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, “ही ओपल. माझी रेकॉर्ड हिनेच केली.”

कंपनीच्या वकिलाने टेबलावर एक छोटा रेकॉर्ड प्लेअर ठेवला. कंपनीच्या डॉक्टरने एक्स-रेत काही दिसत नाही असं सांगितलंच होतं. आता वकिलाने पहिलं कडवं लावलं. तो आवाज खोलीत भरला, आणि मला माझे जोड एकेक करून कळत गेले, इथे एक, इथे दुसरा. दुसऱ्या कुणालाही ते ऐकू येणार नाहीत याबद्दल एरवी मला केवढा अभिमान असायचा. मग वकिलाने पाठीवरचं वाक्य वाचून दाखवलं, आणि आमचं पत्र. दोन्ही सह्यांसकट.

“श्री. अँबर्जी, हा तुमचा आवाज?”

“होय.”

“यातला एखादा शब्द दुसऱ्या कुणी गायलाय?”

“नाही. शब्दन् शब्द मी गायलोय.”

“हे गाताना तुम्हाला खोकला आला?”

होबार्टकाका थांबले. शपथ घेतलेला माणूस. साठ वर्षांत या माणसाने घोडा विकतानासुद्धा त्याची खोड लपवली नव्हती. ते म्हणाले, “आल्यासारखं आठवतं. पण रेकॉर्डीत नाही, म्हणजे आला नसणार. त्या दिवसांपुरता देवाने मला श्वास दिला, साहेब. मी चर्चमध्ये सांगितलंय.”

वकील खाली बसला. पुढे त्याला काही विचारायची गरजच नव्हती.

समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, “आणखी कुणाला काही सांगायचं आहे?” होबार्टकाकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मदत मागायला नव्हे. कौतुकाने. ऐकलंस ना पोरी, काय गायलो होतो, असं ते पाहणं होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती. काका, तुम्ही असं गायलाच नाहीत, हे त्या तोंडाकडे बघून भर कचेरीत कसं सांगायचं? असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण त्या पत्रावरची माझी सही होती. मी मूग गिळून बसले.

सहा आठवड्यांनी अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. काकूंनी फोनवर ते वाचून दाखवलं. ‘हा आवाज निरोगी फुप्फुसांचा आहे.’ वाचता वाचता त्या अडखळल्या आणि मागून ढास ऐकू आली. मी फोन ठेवला आणि तशीच लायलच्या खोलीत गेले. म्हटलं, “तुकडे माझ्याकडे आहेत. सगळे. घेऊन चालले.”

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, “तुझी सही आहे त्यावर.”

“तुझ्या खालीच आहे,” मी म्हटलं आणि निघाले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

मी डोंगरात पोचले तेव्हा होबार्टकाका पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत होते. काकू मागे भांडी घासत होत्या. मी मशीन स्टुलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. ब्लेड, पेन्सिल, चिकटपट्टी, पत्र, सगळं. बसले असते तर बोलणं झालं नसतं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “लाव.”

मी चाक चढवलं आणि लावलं.

पहिल्या ढासेला आत भांडं पडल्याचा आवाज झाला. काकू पाण्याचा तांब्या आणि घमेलं घेऊन धावत आल्या आणि दारातच थांबल्या. होबार्टकाका तोंड मिटून शांत बसले होते. खोकत मशीन होतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि घमेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, अकरा मिनिटं.

“किती तुकडे म्हणालीस?” होबार्टकाकांनी विचारलं.

“एकशे त्रेचाळीस.”

“म्हणजे दिलाच नव्हता तर.” मला आधी कळलं नाही. “श्वास. देवाने दिलाच नव्हता.”

“काका, हे दाखवून अपील करता येईल. मी साक्ष देते, मी खोटं लिहिलं म्हणून सांगते.”

“ते तू आणि व्हर्ली बघा.” ते अर्जाचं मनावरच घेत नव्हते. “मी देवाच्या नावाने खोटं बोललो. शपथेवर एकदा, आणि चर्चमध्ये उभा राहून एकदा. रविवारी मला तिथे ने.”

“तुम्ही कुठे खोटं बोललात? खोटं आम्ही—”

“तोंड माझं होतं,” ते म्हणाले. काकूंनी घमेलं खाली ठेवलं. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण ताटात घेवडा वाढला. तो कसा गिळला ते माझं मला माहीत.

रविवारी चर्चमध्ये चाळीसेक माणसं होती. आमच्या जुन्या बाप्टिस्टांकडे वाद्य नसतं, गाण्याची पुस्तकंही हातात नसतात. एकजण ओळ देतो आणि बाकी सगळे तीच ओळ उचलून, लांबवून, सावकाश गातात. ओळ पुरी दिल्याखेरीज कुणी सूर उचलायचा नाही, ही रीत. होबार्टकाका पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

“मी तुम्हाला सांगितलं होतं,” ते म्हणाले, आणि दम घेतला, “की देवाने मला श्वास दिला. नव्हता दिला. एका पोरीने ब्लेडने दिला. मी गर्वाने फुगलो आणि तपासलं नाही. मला क्षमा करा.”

सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझ्याकडे कुणीही वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, “मी ओळ देतो.”

‘थकल्या पायांना, प्रभू, दाखव घर.’ एवढीच ओळ. ‘थकल्या’ म्हणाले आणि ढास लागली. चर्च थांबलं. ‘पायांना’. पुन्हा ढास. कुणी पुढचा शब्द पुरवला नाही, कुणी घसा खाकरला नाही, कुणी पाणीसुद्धा पुढे केलं नाही. ओळ त्याची होती, त्यानेच पुरी करायची. चाळीस माणसं हात मांडीवर ठेवून वाट पाहत होती. माझेही हात मांडीवर होते, आणि मी खाली पाहिलं तर उजवं बोट स्कर्टवर खुणा करत होतं. इथे काप, इथे जोड. मी ते बोट दुसऱ्या मुठीत आवळून धरलं. ‘घर’ हा शब्द आला तेव्हा सगळ्यांनी मिळून ओळ उचलली, आणि तो आवाज छपराला लागला. चार ओळींचं एक कडवं झालं. घड्याळाप्रमाणे पावणेदहा मिनिटं.

होबार्टकाका पुढच्या गुरुवारी गेले, खुर्चीतच.

अपिलात मी साक्ष दिली, तुकडे वाजवले. अर्ज मंजूर झाला तो ऑगस्टमध्ये. पत्र त्यांच्या नावाने आलं होतं. नॅशव्हिलमध्ये मला पुन्हा कुणी ब्लेड हातात दिलं नाही. मी डोंगरात परत आले आणि शाळेच्या स्वयंपाकघरात लागले. लायलचं काय बिघडलं विचाराल, तर काही नाही. एका जिल्ह्याच्या कचेरीत काय वाजलं ते नॅशव्हिलला कोण ऐकतंय? पुढे त्याच्या नावाचा पुरस्कारही निघाला. ती रेकॉर्ड अजून मिळते, पाठीवरच्या वाक्यासकट.

निकालानंतर कचेरीने चाक परत केलं, ते घेऊन मी काकूंकडे गेले. म्हटलं, “हे ठेवू नका काकू, मी जाळून टाकते. तुम्हाला गाणं तरी राहू दे.” त्यांनी चाक माझ्या हातातून घेतलं आणि पलंगाशेजारी, काका रात्री झोपायचे त्या खुर्चीच्या गादीवर ठेवलं. मग कपाटातून रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली.

“ही तू घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “हा माणूस माझ्या घरात कधी राहिलेला नाही.”